राणीच्या गालातलं भोक

१

बाजारात मला भोकबुजवी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण कानावर येतंच. राग येत नाही, कारण काम तेच आहे. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, साठ झाली, कुठे पूल बांधून झाला, कुठे इस्पितळ, की त्या काळात लगेच पदकं पाडायचे आणि शाळेतल्या पोरांना वाटायचे. पोरं ती पोरंच. खिळा घेऊन वरच्या कडेला भोक पाडायची, त्यात फीत ओवायची आणि छातीवर मिरवायची. आज तेच पदक एखाद्या हौशी संग्राहकाच्या हातात पडतं तेव्हा तो राणीकडे बघतच नाही, आधी भोकाकडे बघतो आणि नाक मुरडतो. मग ते पदक माझ्याकडे येतं.

भोक आतून साफ करायचं. त्याच धातूचा थेंब ओतायचा, बसवायचा, वितळवून एकजीव करायचा. मग त्यावर जे हरवलंय ते कोरायचं. कधी राणीच्या केसांची बट, कधी एखादं अक्षर. शेवटी तेल आणि काजळी चोळून नव्यावर जुनेपण चढवायचं. माझं काम झालं की माझ्या नाकासमोर धरलं तरी मला माझं भोक सापडत नाही. पुढे ते काय म्हणून विकलं जातं, हे मी विचारत नाही. तो विकणाऱ्याचा प्रश्न.

घरात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भाऊ इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीवर जातो. मुलीची आई ती पाळण्यात असतानाच गेली, त्यामुळे शाळेची वेणी, नखं, ताप, रुसवे, सगळं माझ्याकडे. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण जेवताना ती दोन्ही गाल भरून ठेवते आणि गिळायचं विसरते. नखंही कुरतडते, बोटं लाल होईपर्यंत. मी ओरडते, ती हात पाठीमागे लपवते, आणि थोड्या वेळाने पाठीमागेच कुरतडल्याचा आवाज येतो, कसा ते देव जाणे.

माझं कामाचं टेबल पॅसेजच्या तोंडाशी आहे. मान वर केली की समोर खारूच्या खोलीचं दार. ते दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडायचं. हे मी आधीच सांगून ठेवते.

२

ते पदक कोटवाल्यांनी आणलं. हे जुन्या पदकांचे व्यापारी. बारा महिने अंगात एकच तपकिरी कोट, आणि त्याच्या खिशांत निम्मं दुकान.

"बाई, हे जरा जीव लावून करा," ते म्हणाले.

"तुमचं कुठलं काम मी जीव न लावता केलं?"

"तसं नाही हो. हे अख्खं कुणी पाहिलेलंच नाही. माझ्या हातून आजवर जी गेली ती सगळी फुटकी."

"म्हणजे हे अख्खं झालं की तुमची चांदी."

"मी काही बोललो का?" असं म्हणत ते हसत निघून गेले.

पदक कथलाचं होतं, हलकं, काळवंडलेलं. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एक सभागृह: खांब, पायऱ्या, वर त्रिकोणी छप्पर, खाली साल. भोक वरच्या कडेला नव्हतं. ते बरोबर सभागृहाच्या दारात होतं, मसुरीच्या दाण्याएवढं, चौकोनी खिळ्याचं. भिंगातून पाहिलं तर धातूची फाटलेली कड राणीच्या बाजूला वर आली होती. म्हणजे खिळा इमारतीकडून ठेवून ठोकला होता आणि तो राणीच्या गालातून बाहेर पडला होता. फीत ओवणारा असं कधी करत नाही. तो राणीला जपतो, कारण छातीवर दाखवायची तीच असते. ज्याने कुणी हे भोक पाडलं त्याला राणीशी देणंघेणं नव्हतं. त्याला दार हवं होतं.

एवढं मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं आणि मी म्हटलं, असेल एखादं खोडकर कार्टं. आणि भोक बुजवायला घेतलं.

गाल सोपा होता. गाल म्हणजे नुसता उतार. पंचाईत दाराची. अख्खं पदक कुणी पाहिलेलंच नाही म्हटल्यावर नमुना आणायचा कुठून? मी मान वर केली. समोर खारूच्या खोलीचं दार होतं, बंद. आत ती बाहुल्यांची शाळा भरवून त्यांना खडसावत होती. मी म्हटलं, दार ते दार. आणि तेच कोरलं. वर एक चौकट, खाली एक, उजवीकडे गोल मूठ. खालच्या चौकटीवर तिच्या तीनचाकी सायकलचा तिरका ओरखडा होता, तोसुद्धा हौस म्हणून घातला. भिंगाशिवाय कुणाला दिसणार होता? फक्त बिजागऱ्या घातल्या नाहीत. भोकाच्या कडेला मूळ दाराच्या चौकटीची बारीकशी रेघ शिल्लक होती आणि तिच्यावर बिजागरीची खूण नव्हती. मूळ कारागिराशी प्रामाणिक राहायचं, हा माझा नियम.

काम इतकं सुरेख झालं की मी खारूला बोलावून भिंगातून दाखवलं.

"हे माझं दार आहे!" ती म्हणाली. मग डोळा भिंगाला तसाच ठेवून तिने विचारलं, "पण आत्या, तू मला आत ठेवून का लावलंस?"

मी हसले. पोरांचं बोलणं.

३

पदक देऊन टाकल्यानंतरची सकाळ. खारूला उठवायला गेले, मूठ धरली आणि ओढली. दार येईना. पुन्हा ओढलं. ओल्या हवेने फुगलं असेल म्हणून पाय भिंतीला टेकवून ओढलं. आतून झोपाळू आवाज आला.

"आत्या, ढकल ना."

मी ढकललं. दार आत उघडलं.

मी तिथेच उभी राहिले. दाराच्या कडेकडे पाहिलं. ज्या बिजागऱ्यांना मी दर काही महिन्यांनी तेल घालते, त्या पॅसेजच्या बाजूला नव्हत्या. आत होत्या, आणि त्यांच्यावर जुना रंग थरावर थर चढलेला होता. कुणी काल बसवल्या असं म्हणायला जागाच नव्हती.

भाऊ चहा पीत होता. मी विचारलं, "खारूचं दार कुठल्या बाजूला उघडतं रे?"

"आत. का गं?"

"आधी बाहेर उघडायचं."

"कधी? ताई, रात्रंदिवस त्या भिंगात डोळे घालून बसतेस. जग उलटं दिसायला लागलंय तुला."

असेल, म्हटलं. माणसाला जुन्या घराची दारं आठवतात, शाळेची आठवतात, सगळी मिसळतात. माझंही वय झालं. दिवसभर स्वतःची अशी समजूत घालत राहिले. पण संध्याकाळी पॅसेज पुसताना फडकं अडखळलं. फरशीवर पाव वर्तुळाचा ओरखडा होता, दाराच्या उंबऱ्यापासून पॅसेजमध्ये वळत गेलेला. खाली उतरलेलं दार वर्षानुवर्षं घासत गेलं की पडतो तसा. मी त्यावरून बोट फिरवलं. बोट खोल गेलं.

भावाला दाखवलं. तो म्हणाला, "कपाट ओढलं असेल कुणीतरी." त्याच्या आवाजात माझी काळजी होती, दाराची नव्हती. मला त्याची चीड आली आणि मी बोलणं बंद केलं.

४

मग दार जड व्हायला लागलं.

आधी थोडंसंच. दुपारी खारू शाळेतून आली की दप्तर टाकून खोलीत जायची. मी खायला घेऊन जायचे आणि दार ढकलायचे, तर ते एक बोटभर जाऊन थांबायचं. लाकूड लाकडाला अडतं तसं नाही. मऊ अडायचं. पलीकडे गादी उभी करून ठेवली असेल तसं. मी खांदा लावायचे, ते दबायचं, परत माझ्याकडे यायचं, आणि मग एकदम सैल होऊन उघडायचं. आत खारू पलंगावर, खिडकीकडे तोंड करून, नखं कुरतडत बसलेली. दारामागे काही नसायचं. मी रोज दारामागे बघायचे.

"तू दाराला टेकून बसतेस का गं?" मी विचारलं.

"मी नाही. ती असतात."

"कोण ती?"

"ती मुलं." तिने गाल भरलेले होते, त्यामुळे शब्द घोटाळत बाहेर येत होते. "सगळी दाराशी असतात. आमच्या वर्गापेक्षा जास्त. त्यांना बाहेर जायचंय. पण दार त्यांच्याच अंगावर उघडतं ना, मग पुढच्यांना मागे सरकायला पाहिजे. आणि मागची पुढे ढकलतात. त्यांना पुढचं कळतच नाही."

"तुला भीती नाही वाटत?"

तिने विचार केला. "ती माझ्याकडे बघत नाहीत. दाराकडेच बघतात. पण आत्या, तू बाहेरून ढकललंस की पुढची कण्हतात. तू नको ना ढकलूस."

पोरांच्या डोक्यात काय काय येतं, असं मी स्वतःला म्हटलं. म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तिचा पलंग माझ्या खोलीत ओढला. माझी लोखंडी ऐरण उचलून तिच्या दाराशी ठेवली, दार सताड उघडं राहील अशी. भावाला सांगितलं, हे दार लावायचं नाही.

"का?"

"मी सांगते म्हणून."

त्याने ऐरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे बाई. दार उघडं ठेवायला काही वीज लागत नाही," तो म्हणाला. तो माझं ऐकतो असं मला वाटलं.

५

कोटवाल्यांच्या दुकानात गेले तेव्हा ते खुशीत होते. पदक विकलं गेलं होतं, एका दातांच्या डॉक्टरला. "जगातलं एकमेव अख्खं," असं सांगून.

"मला ते परत हवंय," मी म्हटलं.

"बाई, चेष्टा करताय." त्यांनी खिशातून कापडाची घडी काढून उलगडली. "हे बघा, त्याची आणखी दोन मिळाली. हीसुद्धा तशीच करून द्या. पण एकदम नको, सावकाश. एकमेव म्हणून विकलंय ना."

दोन्ही पदकांना भोक होतं. दोन्हींच्या दारात. दोन्हींची फाटलेली कड राणीच्या गालावर. खिळे वेगळे होते, एक जाड, एक बारीक. हातही वेगळे असणार. जागा एकच.

"मला दिलेलं पदक तुम्ही कुणाकडून घेतलं होतं?"

ते सांगेनात. मी म्हटलं, डॉक्टरांच्या घरी जाऊन भोकाबद्दल सांगते. मग त्यांनी सांगितलं.

ती एक निवृत्त मास्तरीणबाई होती, दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर एकटी राहणारी. बाईंच्या खोलीत पुस्तकं, औषधं आणि घड्याळाची टिकटिक. मी कोण ते सांगितलं. काय केलं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

"बुजवलंस?" त्या म्हणाल्या. "मी विकायला नको होतं. पण औषधं महाग झालीत, आणि मला वाटलं, फुटकं पदक कोण कशाला दुरुस्त करेल?"

"ते कुणाचं होतं?"

"माझ्या पणजीच्या मुलाचं. नवं सभागृह बांधलं होतं, राणीची पन्नाशी म्हणून. आधी येईल त्याला पदक, असं शाळांमधून सांगितलं. मुलं आत भरली. मग कुणीतरी ओरडलं की पदकं बाहेर वाटतायत, आणि सगळी दाराकडे धावली." त्यांनी चष्मा घातला. "दार आत उघडणारं होतं, पोरी."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मुलगा घरी आला नाही. पदक आलं. समितीने घरोघर पोचवली. पाडून तयार होती ना. बाकीची वितळवून टाकली म्हणतात. पणजी सांगायची, पदक घरात आल्यापासून आतल्या खोलीचं दार जड झालं, त्यामागून कण्हण्याचे आवाज यायला लागले. सगळ्याच घरांत. मग एका बाईने खिळा घेतला आणि पदकावरच्या दारात ठोकला. तिचं बघून दुसरीने. सगळ्या आयांनी. त्यानंतर आवाज थांबले."

"आणि मुलं?"

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात मी मूर्ख प्रश्न विचारला होता. "मुलं गेलेलीच होती," त्या म्हणाल्या.

६

तिथून तशीच मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पदक काचेच्या डबीत घालून भिंतीवर लावलं होतं, खाली छोटा दिवा. मी सांगितलं: हे अख्खं नाही, याचं दार मी कोरलंय, विश्वास नसेल तर भिंगातून खालच्या चौकटीवरचा तिरका ओरखडा बघा. तो आमच्या मुलीच्या सायकलचा आहे.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुमच्या त्या व्यापाऱ्याला मी बघतोच," ते म्हणाले.

"त्याला बघा, मला बघा, पण पदक आत्ता द्या."

"पदक आता पुरावा आहे, बाई." आणि त्यांनी दार दाखवलं.

मी घरी पोचले तेव्हा ऊन अजून पॅसेजमध्ये होतं. भावाची सुट्टी होती. तो बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. ऐरण माझ्या टेबलाखाली होती.

"खारू कुठाय?"

"झोपलीय. अंग कोमट लागत होतं, शाळेतून आली ती तिच्या खोलीत गादी टाकून पडली. रस्त्यावर खणतायत, एवढा आवाज. म्हणून दार लोटून घेतलं."

मी धावले. दार ढकललं. ते हललं नाही. बोटभरही नाही. मी खांदा लावला, भाऊ आला, त्याने लावला. पलीकडून कण्हण्याचा आवाज आला, एकाचा नाही, खूप जणांचा, दबलेला, उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा. भावाने खांदा काढला.

"हे काय आहे, ताई?" तो म्हणाला.

"ढकलू नकोस," मी म्हटलं. "त्यांना लागतंय."

मी खारूला हाका मारल्या. खूप लांबून, खोली आहे त्याहून कितीतरी लांबून, उत्तर आलं.

"आत्या, मी मागे आहे."

मी टेबलावरचं गिरमिट आणलं आणि गुडघ्यांवर बसून दाराच्या खालच्या चौकटीला, डोळ्याच्या उंचीवर, भोक पाडलं. आयुष्यात पहिल्यांदा भोक पाडलं. डोळा लावला. खोली दिसली नाही, खिडकी दिसली नाही. दिसलं ते कापड, जाड, काळपट, लोकरीचं, इतकं जवळ की त्याची वीण मोजता आली असती. त्यावर एक शिंगाचं बटण होतं. कापड वरखाली होत होतं.

मी डोळा काढला. भाऊ म्हणाला, "बघू." मी त्याला बघू दिलं नाही.

७

सुताराने दार कापून काढलं तेव्हा खोली रिकामी होती. गादी, बाहुल्या, आतून कडी लावलेली खिडकी. गादीवर उशीला डोक्याचा खळगा. पोलीस आले, विहिरी बघितल्या, नाले बघितले, भावाला दोनदा नेलं आणि सोडलं. मला कुणी फार विचारलं नाही. खरं ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानंतर ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले.

मी सुताराकडून दार परत जोडून घेतलं, होतं तसंच. भाऊ माझ्यावर ओरडला. रागावून नव्हे. रडता येत नव्हतं म्हणून ओरडला. मी दार लावलं आणि भोकात करंगळी घातली.

दार लावलेलं असलं तरच ते होतं, हे मला लवकरच कळलं. उघडलं की नुसती खोली. लावलं आणि शांत बसून राहिलं की पलीकडे पावलं सरकायची, श्वास ऐकू यायचे, आणि मग कुणीतरी माझी करंगळी धरायचं. पहिल्यांदा धरलं ते बोट गार होतं, नख लांब होतं. मी ओरडून हात काढून घेतला. मग लाज वाटली. त्याच्या आईनेही कधी असंच बोट त्याच्या मुठीत दिलं असेल. मी पुन्हा घातलं. खूप बोटं आली. सगळी लहान. मी थांबले. मग एक आलं, कोमट, आणि त्याचं नख कुरतडून कुरतडून खोल गेलेलं, कडेची कातडी खरखरीत.

"किती वेळा सांगितलं, नखं खाऊ नकोस," मी म्हटलं. आणि माझं मलाच आवरेना.

भाऊ दोन दिवस पॅसेजमध्ये आलाच नाही. मग एका दुपारी माझ्याशेजारी येऊन बसला, त्याने भोकात बोट घातलं. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी काहीच नव्हतं. मग तो दारावर कपाळ टेकवून म्हणाला, "बाळा. बाबा आहे. बाबा इथेच आहे." त्यानंतर त्याने कामावर जाणं सोडलं. आम्ही आळीपाळीने बसायचो. ती बोलायची नाही. पण धरायची, आणि झोप लागली की पकड सैल व्हायची, पाळण्यात असताना व्हायची तशी. हे काही जगणं नव्हतं. पण तेवढं होतं.

८

कोटवाले आले ते दार न वाजवता. डॉक्टरांनी पदक परत करून त्यांची अब्रू काढली होती, बाजारात त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी पदक माझ्या टेबलावर फेकलं.

"घ्या. पुरून घ्या स्वतःबरोबर," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष पॅसेजमध्ये बसलेल्या भावाकडे गेलं, दारातल्या बोटाकडे गेलं, आणि ते मागच्या मागे निघून गेले.

मी पदक व्हाइसच्या जबड्यात आवळलं. भिंगाखाली ते दार होतं. वरची चौकट, खालची चौकट, गोल मूठ, सायकलचा ओरखडा. इतकं सुबक काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतर करणार नव्हते.

"भोक पाडल्यावर काय होईल?" भावाने विचारलं. त्याचा हात दाराशीच होता.

"दार पुन्हा बाहेर उघडेल."

"आणि ती येईल?"

मास्तरीणबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. आवाज थांबले, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण ती मुलं गेलेली होती. आमची गेलेली नव्हती. आमची कोमट होती, कालही नख कुरतडलेलं होतं. हे मी भावाला सांगितलं, जसंच्या तसं, दोन्ही बाजू. त्याने ऐकून घेतलं.

"अशी किती दिवस उभी राहील ती त्या गर्दीत?" तो म्हणाला. "मार, ताई."

"तू धरून ठेव तिला. घट्ट धर."

"धरलंय."

मी खिळा पदकावरच्या दारावर टेकवला. दुसऱ्या हाताने हातोडी उचलली.

"धरलंयस?"

"धरलंय गं. तिनेपण धरलंय."

मी मारलं. कथील मऊ असतं. पहिल्याच घावात खिळा आत गेला, आणि मी पदक उलटवून पाहायच्या आधीच मला माहीत होतं की राणीच्या गालावर कड वर आली असणार.

घरात एकदम शांत झालं. इतके दिवस पॅसेजमध्ये श्वास भरून होते, हे ते थांबल्यावर मला कळलं.

"धरलंयस ना?" मी विचारलं.

भावाने बोट भोकात आणखी आत घातलं.

"अरे, धरलंयस ना?"

"ताई," तो म्हणाला, "तिने सोडलं."

तो उठला. मूठ धरली आणि नुसती ओढली. दार बाहेर आलं, फरशीवरच्या जुन्या ओरखड्यावरून, हलकं, एक बारीक कर्र आवाज करत. आत ऊन होतं. गादी होती, बाहुल्या ओळीने बसल्या होत्या. भाऊ आत गेला, आणि तिथेच उभा राहिला.

९

भाऊ आता दुसरीकडे राहतो. मी त्याला बोलावत नाही.

भोकं बुजवायचं काम मी सोडलं. पण ते एक भोक रोज पुसून ठेवते, खोलीच्या दारातलं. त्यात धूळ साचते. खोलीत जायला-यायला काहीच अडचण नाही, कुणीही एका बोटाने ओढलं तरी उघडतं. दुपारी शाळा सुटायची वेळ झाली की मी ते लावून घेते, पॅसेजमध्ये बसते आणि करंगळी आत घालते. पलीकडे नुसती हवा असते. ऊन तिरकं होईपर्यंत मी बसते, मग उठून दिवा लावते.